बिनतारी सुकाणू



ज्या विद्युल्लहरींच्या खांद्यावर बसून माझे शब्द या क्षणीं आपल्या दिवाणखान्यांत येत आहेत, त्याच जातीच्या लहरींकडून माणसानें अगदीं आरंभीं जीं कामें करून घेतलीं, त्यांत एका लहानशा होडीचें सुकाणू फिरविण्याचें कामही होतें, हें पुष्कळांना ठाऊक नसेल. १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें विजेच्या यंत्रांचें प्रदर्शन भरलें होतें. निकोला टेस्ला यानें तेथें पाण्याच्या टांक्यांत एक होडी सोडली. तिला ना दोरी, ना तार. टेस्ला बाजूला उभा राहून आपल्या पेटीवरील कळ फिरवी आणि होडी मुकाट्यानें वळे. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरला त्याला या युक्तीचें पेटंट मिळालें. माणसाचा आवाज बिनतारी लहरींवर चढण्याच्या आधींच होडी त्या लहरींचें ऐकूं लागली होती!

टेस्लाच्या होडींत विजेची मोटर होती. मला आज बोलावयाचें आहे तें मात्र मोटर नसलेल्या होड्यांविषयीं आणि इंजिन नसलेल्या विमानांविषयीं. शिडाच्या छोट्या नौका हौसेनें बांधणें, काठावर उभें राहून त्या बिनतारी यंत्रानें हांकणें, त्यांच्या शर्यती लावणें, आणि त्याच हातांनीं छोटीं ग्लायडरें बनवून तीं टेकडीवरून वाऱ्यावर सोडणें, हा छंद युरोप-अमेरिकेंत चांगला रुजलेला आहे. आपल्याकडे तो तुरळक आढळतो. मी पेशानें शाळामास्तर. हस्तव्यवसायाचा तास बरींच वर्षें माझ्याकडे होता आणि त्या निमित्तानें मुलांबरोबर मींही लांकूड तासलें. लोकांची समजूत अशी असते कीं, या खेळांतील सारी करामत हातांतल्या यंत्राची. माझें मत निराळें आहे. यंत्राचें काम रुपयांत दोन आणे; उरलेले चौदा आणे आधींच, घरच्या टेबलावर, लांकडाच्या भुशांत ठरून गेलेले असतात.

यंत्राचें काम तें किती, हें पाहा. त्याला दोन दांड्या असतात. एक डावी-उजवीकडे हलविली कीं सुकाणू वळतें. दुसरी वर-खालीं केली कीं शिडांच्या दोऱ्या आंत ओढल्या जातात किंवा सैल सुटतात. होडीच्या पोटांत एक ग्राहक यंत्र, एक बॅटरी आणि सर्व्हो नांवाच्या दोन लहानशा मोटरी बसविलेल्या असतात. एक सुकाणू फिरविते, दुसरी विहिरीवरच्या रहाटाप्रमाणें दोरी गुंडाळते व सोडते. होडीला पुढें ढकलण्याचें काम या दोघींपैकीं कोणीच करीत नाहीं. तें वाऱ्याचें काम, आणि वारा कोणाच्या लहरी ऐकत नाहीं. लगाम आपल्या हातीं आहे, पण घोडा दुसऱ्याचा आहे, अशी ही स्थिति.

पूर्वीं या यंत्रांच्या लहरी सुमारें अकरा मीटर लांबीच्या असत. दोघांनीं चुकून एकाच ठिकाणीं आपलें यंत्र जुळविलें तर एकाच्या आज्ञेनें दुसऱ्याची होडी भलतीकडे जाई. म्हणून काठावर एक फळी टांगून ठेवीत, आणि तिच्यावरील आपल्या क्रमांकाचा चिमटा हातीं आल्याखेरीज यंत्र सुरू करावयाचें नाहीं असा दंडक असे. आतां साडेबारा सेंटीमीटर लांबीच्या लहरी वापरतात आणि प्रत्येक यंत्र आपापली होडी स्वतःच ओळखतें. पथ्य एकच उरलें आहे. या आंखूड लहरी पाण्यांतून जाऊं शकत नाहींत; म्हणून ग्राहक यंत्राची तार होडीच्या आंत, पण पाण्याच्या पातळीच्या वर बांधावी लागते.

या नौकांचे अनेक वर्ग आहेत. अमेरिकेंत बॉस्टनजवळ मार्बलहेड नांवाचें गांव आहे. त्याच्या नांवाचा वर्ग १९३० च्या सुमाराचा असून त्यांत नौकेची लांबी ५० इंच आणि शिडांचें क्षेत्र ८०० चौरस इंच असतें. 'इंटरनॅशनल वन मीटर' हा वर्ग १९८८ सालीं ठरला व पुढें देशोदेशीं पसरला. त्याचे नियम ऐकण्यासारखे आहेत. लांबी १ मीटरहून अधिक नको. एकूण वजन ४ किलोहून कमी नको. पाण्याखालीं खोली ४२ सेंटीमीटरपर्यंत. आणि या ४ किलोंतील २२०० ते २५०० ग्रॅम वजन एकट्या कण्याचें, म्हणजे होडीच्या तळाखालीं उभ्या लोंबणाऱ्या पात्याचें व त्याच्या टोंकाला लाविलेल्या शिशाच्या शेंगेचें. अर्ध्याहून अधिक होडी शिशाची! प्रथम ऐकणारा मनुष्य विचारतो कीं, ही तरावयाची आहे कीं बुडावयाची?

याचें उत्तर शाळेंतल्या गणितांत आहे, आणि या सर्व विषयांत मला तेंच प्रकरण सर्वांत रसाळ वाटतें. एक मोठी शिडाची नौका मनांत आणा आणि ती सर्व बाजूंनीं दहापट लहान करा. शिडाचें क्षेत्र म्हणजे लांबी-रुंदीचा गुणाकार. तें शंभरपट घटलें. शिडावर वारा जेथें रेटतो त्या जागेची उंचीही दहापट घटली. तेव्हां नौकेला आडवी पाडणारा जोर हजारपट कमी झाला. येथवर कोणाची तक्रार नाहीं. आतां तिला सांवरून धरणारा जोर पाहूं. वजन हें लांबी, रुंदी व उंची या तिहींच्या गुणाकाराबरोबर चालतें, म्हणून तें हजारपट घटलें. आणि तें वजन ज्या तरफेनें नौकेला सरळ करतें ती तरफही दहापट आंखूड झाली. म्हणजे सांवरणारा जोर दहा हजारपट घटला. पाडणारा हजारपट आणि सांवरणारा दहा हजारपट! वारा मात्र होता तेवढाच आहे. तो आपल्या सोयीसाठीं कांहीं लहान होत नाहीं. म्हणून मोठ्या नौकेची हुबेहूब छोटी प्रतिकृति पाण्यांत सोडली कीं, पहिल्याच झुळकीला ती कुशीवर निजते. कांचेच्या कपाटांत शोभेचीं गलबतें ठेवलेलीं आपण पाहतों, तीं तेथेंच शोभतात.

उपाय एकच. शिसें खोल न्यावयाचें, म्हणजे तरफ लांब होते. लहान नौका ही मोठ्या नौकेचें आंकुंचित रूप नव्हे. तिचें शरीरच निराळें असावें लागतें. हें एकदां ध्यानांत आलें कीं, बांधणारा चित्रांतील जहाजाची नक्कल करावयाचें सोडून देतो.

शिसें ओतण्याविषयीं दोन शब्द. साचा खडखडीत वाळलेला असावा. ओलाव्याचा अंश राहिला तर त्याची एकदम वाफ होऊन तापलेलें शिसें तोंडावर उडतें. धूरही विषारी असतो. हें काम घरांत करूं नये आणि मुलांच्या हातीं तर देऊंच नये. मी तें अंगणांत स्वतः करीत असें व मुलांना पायरीवर उभें करून ठेवीत असें. नौकेचें अंग मात्र मुलांनीं खुशाल करावें. लांकडाच्या आडव्या फासळ्या उभ्या करून त्यांवर पातळ पट्ट्या चिकटवितात, किंवा फळ्यांची चवड सरसानें जोडून ती बाहेरून व आंतून कोरतात. शिडांना पूर्वीं कापूस असे, आतां पातळ पॉलिएस्टरचा पापुद्रा वापरतात. शीड सपाट कापून चालत नाहीं. त्याला किंचित् पोट हवें, म्हणून तुकडे वांकड्या शिवणींनीं जोडावे लागतात. आणि किती वांकड्या, याचा निकाल पाण्यावरच लागतो. ज्या घरांत चोळी बेतणारी आजी आहे तिनें हें काम पाहिलें तर तिला कांहीं शिकवावें लागणार नाहीं.

एवढें करून ही नौका पळते किती? विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरानें १८७२ च्या सुमारास टॉर्की येथें लांबलचक टांकें बांधून त्यांत जहाजांचे नमुने ओढून पाहिले. पाणी कापीत जाणारी नौका स्वतःच लाटा उठविते, आणि एका मर्यादेनंतर आपल्याच लाटेच्या खळग्यांत ती अडकते. ही मर्यादा लांबीच्या वर्गमुळाबरोबर वाढते. एक मीटर लांबीच्या नौकेसाठीं हिशेब केला तर ती ताशीं साडेचार किलोमीटरांच्या आसपास येते. मागचा वारा जोराचा असला तर नौका ही मर्यादा ओलांडून पाण्यावरून घसरत जातेही. पण एरव्हीं तिची चाल म्हणजे आपली संध्याकाळची फिरावयाला जाण्याची चाल.

या योगायोगावरच जुन्या काळचा सारा खेळ उभा होता. लंडनमध्यें केन्सिंग्टन गार्डन्समधील राउंड पाँड किंवा लँकेशायरांत फ्लीटवुड येथें बांधलेलें खास तळें, अशा ठिकाणीं बिनतारी यंत्राच्या आधींही शर्यती होत असत. नौकेच्या मागील टोंकाला वाऱ्याचें एक लहानसें पातें बसवून तें सुकाणूला जोडीत. वारा फिरला कीं पातें फिरे, पातें फिरलें कीं सुकाणू फिरे, आणि नौका वाऱ्याशीं धरलेला कोन सोडीत नसे. दोन-दोन नौका सोडावयाच्या, आणि मालकांनीं हातांत काठी घेऊन काठाकाठानें चालावयाचें. नौका तीराला लागली कीं काठीनें वळवून पुन्हां लोटावयाची. वाऱ्याच्या तोंडावर सरळ कोणतीच शिडाची नौका जात नाहीं. तिला नागमोडी वळणें घेत जावें लागतें. तळ्याच्या मध्यावर, आपल्या मनास येईल त्या क्षणीं हें वळण घेतां येणें, ही बिनतारी सुकाणूची खरी देणगी. तिच्यामुळें दोनांच्या जागीं वीस नौका एकत्र धांवूं लागल्या.

शर्यतीचे नियम मोठ्या नौकांचेच, थोड्या फेरफारानें घेतलेले. आरंभापूर्वीं एक मिनिटाची मोजणी मोठ्यानें ऐकवितात. जिच्या उजव्या अंगानें वारा येत आहे तिला डाव्या अंगानें वारा घेणारीनें वाट द्यावयाची. वळणाच्या खुणेला, म्हणजे तरंगत्या पिपाला, नौका शिवली तर तिनें बाजूला होऊन एक पूर्ण गिरकी घ्यावयाची, आणि ती आपण होऊन घ्यावयाची. चाळीस मीटरांवरून दोन नौकांतलें वीतभर अंतर काठावरच्या माणसाला नीट कळत नाहीं, तेव्हां वाद होतातच. शिष्ट दिसणारीं प्रौढ माणसें शिडाचा आंकडा ओरडून एकमेकांवर हरकत घेतात, आणि चहाच्या वेळीं तीच माणसें एकमेकांना सुटे स्क्रू उसने देतात.

नवशिक्याची खरी फजिती निराळीच असते. नौका आपल्यापासून दूर जात असतांना तिचें उजवें तें आपलें उजवें. ती वळून आपल्याकडे येऊं लागली कीं तिचें उजवें आपल्या डावीकडे येतें, आणि हात नेमका उलटा चालतो. चांगले शिकलेले गृहस्थ येथें गोंधळतात, आणि आठ वर्षांची पोर दोन दिवसांत सरावते. मुलांना मीं एकच तोड सांगत असें: अंग नौकेच्या दिशेनें वळवून उभे राहा आणि मान मागें करून पाहा. दिसावयास वेडेंवांकडें दिसतें, पण चालतें.

नौकेकडून विमानाकडे जाण्यास उडी मारावी लागत नाहीं. शीड म्हणजे उभा केलेला पंखच, आणि पाण्याखालचें पातें हाही एक पंखच. ग्लायडरांत तो आडवा होतो एवढेंच. जॉर्ज केली या इंग्रज गृहस्थानें १८०४ सालीं सुमारें पांच फूट लांबीचें एक छोटें ग्लायडर केलें होतें. पंखाच्या जागीं पतंग, मागें हलवितां येणारी शेपटी आणि पुढें सरकवितां येणारें वजन. माणूस इंजिनाच्या विमानांतून उडण्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें विमानाची आकृति त्या काठीवर तयार झालेली होती.

येथेंही लहानपणाचा कायदा निराळा आहे. मोठ्या विमानाच्या जाड, गुबगुबीत पंखाची नक्कल दहा सेंटीमीटर रुंदीच्या पंखांत केली तर तो वाईट उडतो. हवा त्याच्या पाठीवरून नीट वाहण्याऐवजीं मध्येंच सुटते. १९४२ सालीं एफ. डब्ल्यू. श्मिट्झ या जर्मन संशोधकानें नमुना-विमानांच्या पंखांवरील आपलीं मोजमापें प्रसिद्ध केलीं. त्यांवरून दिसलें कीं, गति व रुंदी एका मर्यादेखालीं गेली कीं जाड पंख एकदम नादान होतो, आणि पातळ, किंचित् वांकविलेली फळी त्याच्यापेक्षां सरस ठरते. दुसरी युक्ति आणखी गमतीची. पंखाच्या पुढील कडेजवळ पाठीवर एक बारीक दोरा चिकटवावयाचा. दोऱ्याला ठेंचकाळून हवा जराशी खळबळते, आणि खळबळलेली हवा पंखाला अधिक चिकटून वाहते. गुळगुळीत करण्यांत ज्यानें चार दिवस घालविले त्याच्या गळीं हें उतरविणें कठीण जातें!

ग्लायडराच्या बाबतींत बिनतारी यंत्राविषयीं माझें मत जरा जुनाट आहे. शर्यतीच्या नौकेला तें हवेंच. पण पहिलें ग्लायडर यंत्रावांचून करावें. जागतिक स्पर्धांतही असा एक वर्ग आहे: ग्लायडराचें वजन ४१० ग्रॅमहून कमी नाहीं, ५० मीटर दोरीनें धांवत तें पतंगासारखें वर न्यावयाचें, सोडावयाचें, आणि मग हात जोडून पाहात राहावयाचें. खालीं उतरविण्याच्या आज्ञेखेरीज हवेंत त्याला एकही आज्ञा देतां येत नाहीं. जें काय सांगावयाचें तें आधींच, शेपटीच्या कोनांत व नाकावरच्या वजनांत सांगून ठेवावें लागतें. उन्हानें तापलेल्या जमिनीवरून हवेचा लोट उठतो. त्यांत सांपडलेलें ग्लायडर खालीं येतच नाहीं. म्हणून पूर्वीं त्याच्या शेपटीपाशीं जळती वात ठेवीत. ती ठराविक वेळानें रबर जाळी, शेपटी वर उचले आणि विमान तरंगत खालीं येई. हल्लीं वातीऐवजीं लहान घड्याळ असतें.

माझ्या एका विद्यार्थ्यानें बाल्साच्या लांकडाचें असें ग्लायडर तीन महिने खपून केलें होतें. वात आम्हीं सुती दोरीची केली होती. मार्च महिना, दुपारचे अकरा. ग्लायडर दोरीवरून सुटलें, एक मोठें वर्तुळ घेतलें, आणि प्रत्येक फेरीला उंच होऊं लागलें. वात वाटेंत विझली असावी. चार मिनिटांनीं तें घारीएवढें दिसत होतें, मग टिकलीएवढें, मग आमच्यांत वाद सुरू झाला कीं तें अजून दिसतें आहे कीं नाहीं. तीन गांवें धुंडाळलीं, मिळालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्याची आई शाळेंत आली. "गुरुजी," ती म्हणाली, "याचें दहावीचें वर्ष. रात्रीं बारा वाजेपर्यंत फळी घाशीत होता. तें उडून गेलें तर सुटलों असें मला वाटलें. आतां दुसरें करतों म्हणतो. याचे मार्क कोण देणार?" मार्क कोणी देणार नाहीं, हें खरेंच होतें आणि मीं तसें सांगितलें. मग तिच्यापुढें मुलाची वही ठेवली. तींत पहिल्या ग्लायडराचीं वजनें, कोन, फेंकीचे सेकंद, आणि खोडून पुन्हां मांडलेलीं गणितें होतीं. त्या गणितांची परीक्षा मीं कधीं घेतली नव्हती. तिचें समाधान झालें असें मी म्हणत नाहीं. दुसरें ग्लायडर परीक्षेनंतर करावें असा करार झाला. मे महिन्यांत तें उडालें त्या दिवशीं ती छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती, आणि वात पेटली आहे ना हें दोनदां विचारीत होती.

यंत्र लाविलेल्या ग्लायडरांचें खरें माहेरघर म्हणजे डोंगराची कड. वारा उतारावर आदळला कीं त्याला वर चढण्यावांचून गति नसते, आणि त्या चढत्या हवेवर विमान तासन् तास राहूं शकतें. आपल्या सह्याद्रीच्या कड्यावर घार पंख न हालवितां उभी असते, ती याच हवेवर. तेथें शर्यतीही होतात: शंभर मीटरांच्या दोन टोंकांमध्यें दहा फेऱ्या, आणि घड्याळाशीं सामना. याहून अद्भुत प्रकार कड्याच्या पाठीमागें चालतो. तेथें खालीं हवा स्तब्ध आणि कड्याच्या वर वारा वेगवान. या दोहोंच्या सीमेवर ग्लायडर गिरक्या घेऊं लागलें कीं, प्रत्येक ओलांडणीला त्याचा वेग थोडा वाढतो. समुद्रपक्षी असा वेग मिळवीत असावेत हा तर्क लॉर्ड रॅले यानें १८८३ सालींच मांडला होता. २०२१ सालीं कॅलिफोर्नियांत एका ग्लायडरानें या रीतीनें ताशीं ५४८ मैलांची गति गांठली. इंजिन नाहीं, पंखा नाहीं! अशा वेगाला पाहणाऱ्यांनीं कोठें उभें राहावें याचा विचार आधीं करावा लागतो. साध्या ग्लायडराच्या बाबतींतही माणसांच्या डोक्यावरून तें नेऊं नये. आपल्याकडील २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें असें विमान डोळ्यांच्या टप्प्यांतच उडवावयाचें असतें. विमानतळाच्या आसपास तर नाहींच.

ज्यांना आरंभ करावयाचा असेल त्यांनीं नौकेच्या व यंत्राच्या खर्चांत एकदम शिरूं नये. हाताच्या लांबीचें एक हलकें ग्लायडर करावें; बाल्सा न मिळालें तर जाड पुठ्ठ्याचा पंख आणि बांबूची काडी चालेल. पंखाच्या पुढील कडेपासून एक तृतीयांशावर दोन बोटांनीं तें उचलून धरावें. शेपटी खालीं गेली तर नाकाला ओल्या मातीची गोळी लावावी, समतोल होईपर्यंत. मग वारा पडल्यावर, संध्याकाळीं, गवताच्या मैदानावर उभें राहून तें जोरानें फेंकूं नये. समोरच्या जमिनीवरील एखाद्या जागेकडे, नाक किंचित् खालीं ठेवून, नुसतें सोडावें. वर उसळून धपकन् खालीं बसलें तर माती थोडी वाढवावी. सरळ नाकावर गेलें तर थोडी काढावी. ज्वारीच्या दाण्याएवढी माती एका वेळीं, अधिक नाहीं, आणि प्रत्येक वेळीं किती पावलें गेलें तें वहींत लिहावें.